पोर वेचणीतून सोडवायची तर

(जिल्हा बैठकीत केलेले भाषण)



आजच्या बैठकीच्या कागदावर कापूस खरेदी आहे, पीकविमा आहे, विजेची बिले आहेत. त्यातच खाली 'मुलींचे शिक्षण व वसतिगृहे' असा विषय पाहून मघाशी मागच्या रांगेतून कोणीतरी म्हणाले, "आपण शेतकऱ्यांच्या बैठकीला आलो का मास्तरांच्या संमेलनाला?" विचारणाऱ्याचे काही चुकले नाही. शाळेच्या भिंतीवर रंगवलेली वाक्ये तुम्हाला वाचून दाखवायला आम्ही उभे राहिलेलो नाही. ती वाक्ये गेली तीस वर्षे पाऊस खात आहेत. आम्हाला हिशेब मांडायचा आहे, आणि तो कापसाचाच आहे. फक्त आजवर आपण तो पुरा मांडलेला नाही.

कोरडवाहू शेतकऱ्याचे साल आणि शाळेचे साल शेजारी शेजारी ठेवून पाहा. जूनमध्ये शाळा उघडते, तेव्हा आपण सरकी लावत असतो. जुलै-ऑगस्टात शाळा भरात असते आणि रानात निंदण आलेले असते. पहिली वेचणी दसऱ्याच्या आगेमागे, त्याच सुमाराला सहामाही परीक्षा. दिवाळीची सुटी संपते तेव्हा दुसरी वेचणी ऐन भरात. फरदड ठेवली तर जानेवारीही त्यातच गेला. मराठवाड्यातली रब्बी ज्वारी काढायला येते फेब्रुवारी-मार्चात, म्हणजे दहावीच्या परीक्षेच्या तोंडावर. जणू कोणी ठरवून केले असावे तसे शाळेचे एकेक महत्त्वाचे दिवस आपल्या कामाच्या दिवसांखाली सापडतात. मग घरात प्रश्न निघतो, आज रानात कोण येणार? पोरगा क्लासला गेलेला असतो. म्हातारीचे गुडघे दुखतात. उरते कोण, ते सगळ्यांना ठाऊक आहे.

आता आकडे घ्या. वेचणीचा दर किलोला आठ-दहा रुपये चालतो. मजूर मिळेनासा झाला की त्याच्याही वर जातो. म्हणजे क्विंटलभर कापूस घरात यायला नुसत्या वेचणीचे हजार रुपये. २०२४-२५ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ७,५२१ रुपये होता. त्यातही हमीभाव ज्याच्या पदरात पडला त्याचाच हा हिशेब. ज्याने दारात आलेल्या व्यापाऱ्याला ओला म्हणून कापूस घातला, त्याचा वेगळा. म्हणजे साडेसात रुपयांतला एक रुपया वेचणीत गेला. बारा वर्षांची पोर दिवसाकाठी पंधरा-वीस किलो वेचते. बाहेरची बाई लावली असती तर दीड-दोनशे रुपये रोख द्यावे लागले असते. पोरीला द्यावे लागत नाहीत. हंगामात ती पन्नास दिवस रानात राहिली तर आठ-दहा हजार रुपये वाचले.

हे पैसे वाचले, असे आपण म्हणतो. कोणाचे वाचले? हमीभाव काढताना सरकार घरच्या माणसांच्या राबण्याची मजुरी खर्चात धरते. अपुरी धरते, यावर आपण रस्त्यावर उतरलो आहोत आणि पुन्हा उतरू. पण कागदावर धरलेली ती मजुरी घरात कोणी पोरीच्या हातावर ठेवत नाही. शेती तोट्यात आहे, हे आपण प्रत्येक सभेत सांगतो आणि ते खरे आहे. मग ही तोट्याची शेती दरसाल उभी कशी राहते? काही कर्जावर, काही बायकोच्या अंगावरच्या सोन्यावर, आणि बरीचशी पोरीच्या बुडालेल्या शाळेवर. कापसाला भाव कमी देऊन जो फायदा शहरात गेला, त्यातला एक वाटा आपल्या पोरींच्या वह्या-पुस्तकांतून गेलेला आहे. म्हणून हा विषय शेतकऱ्यांच्या बैठकीत आला.

कोणी म्हणेल, आम्ही पोरीला शाळेत घालतोच की. घालता, हे मान्य. आज गावातली सहा वर्षांची पोर शाळेबाहेर क्वचित दिसते. फीचाही प्रश्न नाही. मुलींचे बारावीपर्यंतचे शिक्षण या राज्याने १९८० च्या दशकातच मोफत केले. पोर गळते ती पुढे. गावातली जिल्हा परिषदेची शाळा चौथीपर्यंत, फार तर सातवीपर्यंत. आठवीला पाच-सात किलोमीटरवरच्या गावी जायचे. एसटीचा पास मुलींना फुकट आहे, मानव विकासच्या निळ्या गाड्या काही तालुक्यांत फिरतात, सायकलीही वाटल्या जातात. पण गाडी पावसाळ्यात फाट्यापर्यंतच येते, फाटा ते गाव अंधारात चालायचे, आणि पोर तेरा वर्षांची झालेली. आई धास्तावते. त्यात घरी राहिलेल्या पोरीला सकाळी पाणी, दुपारी रान, संध्याकाळी भाकरी आणि धाकटे भावंड. दप्तर खुंटीवर राहते. मग एक दिवस चहा-पोह्याचा कार्यक्रम ठरतो.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीचा २०१९-२१ चा आकडा ऐका. वीस ते चोवीस वयाच्या बायांना विचारले की तुमचे लग्न अठराच्या आत झाले का. महाराष्ट्रात शंभरातल्या जवळजवळ बावीस जणी हो म्हणाल्या. परभणी जिल्ह्यात शंभरात ४८. बीडमध्ये जवळपास ४४. हे जिल्हे काय पिकवतात, ते या मंडपात कोणाला सांगायला नको. बीडकडची गोष्ट आणखी वेगळी आहे. तिथे कापूस साधला नाही की कोयता उचलून कारखान्याला जायचे, आणि वयात आलेली पोर एकटी मागे ठेवायची कशी, म्हणून तिचे लग्न उरकायचे. त्या आईबापांना हौस म्हणून ते असे करत नाहीत. रात्री पोरीच्या डोक्यावर भरवशाचे छप्पर नाही, हा त्यांचा प्रश्न आहे.

म्हणूनच आम्ही शाळेपेक्षा बोर्डिंगबद्दल अधिक बोलणार आहोत. गरिबाच्या पोरीला नुसती शाळा पुरत नाही. शाळेला लागून राहण्याची जागा, दोन वेळचे जेवण, संध्याकाळी दिव्याखाली दोन तास आणि यातल्या कशासाठीही बापाला हात पसरावा लागू नये, एवढे मिळाले तर ती वेचणीच्या हिशेबातून सुटते. घरी राहून ती सुटत नाही, कारण घरी असलेले माणूस कामाला लागतेच. त्यात आईबापाच्या मायेला कमीपणा नाही.

ही काही नवी कल्पना नाही. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९०१ साली मराठा विद्यार्थ्यांसाठी बोर्डिंग काढले आणि मग जातीजातीची बोर्डिंगे उभी राहिली. अस्पृश्य मुलांसाठी १९०८ साली मिस क्लार्क बोर्डिंग निघाले. खेड्यातला पोरगा शहरात राहू शकला तरच शिकेल, हे त्या राजाने ओळखले होते. भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ साली साताऱ्यात सगळ्या जातींची मुले एका छपराखाली आणून एका पंगतीला बसवली. गावोगावचे मूठमूठ धान्य गोळा करून ते बोर्डिंग चाले. धान्य संपले तेव्हा लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने दिले, शेवटी मंगळसूत्रही दिले. ही गोष्ट आपण व्याख्यानांत ऐकतो आणि टाळ्या वाजवतो. एक गोष्ट मात्र कोणी बोलत नाही, की त्या काळची ही बोर्डिंगे बहुतेक करून मुलांची होती. बाईचे सोने गेले, शिकले मुलगे. याने लक्ष्मीबाईंचा मोठेपणा उणा होत नाही, उलट वाढतो. पण आपल्या ध्यानात असावे म्हणून सांगितले.

पोरींसाठी कोणी काही केलेच नाही असेही नाही. पंडिता रमाबाईंनी १८८९ साली मुंबईत शारदासदन काढले. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि शेकडो उपाशी, अनाथ मुली व बाया घेऊन आल्या. दौंडजवळ केडगावला त्यांना राहायला जागा केली, विहिरी खोदल्या, शेती केली, विणकाम, तेलघाणी, छापखाना असे एकेक काम मुलींच्या हाती दिले. त्यांच्या धर्मांतरावरून पुण्यात केवढा गदारोळ झाला! तो वाद ज्यांना घालायचा त्यांनी घालावा. दुष्काळी मुलखातल्या पोरी कोण उचलून नेतो, हा प्रश्न त्या वर्षी होता आणि त्याला उत्तर द्यायला कोण गेले, एवढेच आम्ही पाहतो. कर्व्यांनी १८९६ साली पुण्यात अनाथ बालिकाश्रम काढला आणि १९०० साली तो हिंगण्याच्या माळावर झोपडीत नेला. पुढे तिथूनच बायांचे विद्यापीठ १९१६ साली उभे राहिले.

आणि आपल्या वऱ्हाडाकडे या. जुलै १९४२ मध्ये नागपुरात दलित महिलांची परिषद भरली. अध्यक्ष होत्या अमरावतीच्या सुलोचनाबाई डोंगरे, आणि बाबासाहेब स्वतः बोलायला होते. हजारो बाया जमल्या, त्यात शेतात आणि गिरणीत राबणाऱ्या होत्या. त्या परिषदेच्या ठरावांत मुलींसाठी सरकारी खर्चाने वसतिगृहे काढावीत, अशी मागणी होती. ज्यांना स्वतःला अक्षर लिहायला मिळाले नव्हते, त्यांनी नेमके हेच मागितले. भिंतीवरचे वाक्य मागितले नाही.

त्या मागणीनंतर बासष्ट वर्षे गेली. २००४ साली कस्तुरबा गांधी बालिका विद्यालय नावाची योजना आली. ज्या तालुक्यांत खेड्यातल्या बाया देशाच्या सरासरीहून कमी शिकलेल्या आणि पुरुष-बायांतला फरक सरासरीहून जास्त, तिथे मुलींची निवासी शाळा काढायची. शंभरातल्या निदान पंचाहत्तर जागा अनुसूचित जाती, जमाती, मागासवर्ग आणि अल्पसंख्याकांच्या मुलींना, बाकीच्या दारिद्र्यरेषेखालच्या घरांतल्या मुलींना. राहणे, जेवण, पुस्तके, गणवेश सगळे मोफत. शाळा सुटलेल्या पोरीलाही घ्यायचे. महाराष्ट्रात जालना, परभणी, हिंगोली, नांदेड, नंदुरबार, गडचिरोली अशा जिल्ह्यांत ही विद्यालये निघाली. चांगले झाले. पण ती होती सहावी ते आठवी! म्हणजे पोर चौदा वर्षांची झाली, बस्तान बसले, भीती मोडली, आणि नेमके त्याच वर्षी तिला पेटी उचलून घरी जा म्हणायचे. घरी काय वाट पाहत होते ते वर सांगितले. बारावीपर्यंत वाढवण्याची वाट सरकारने उघडली ती २०१८ साली, तीही प्रत्येक ठिकाणी नव्हे. मधल्या चौदा वर्षांतल्या पोरी आज आपल्याच गावांत दोन-तीन लेकरांच्या आया आहेत.

आणि पैशाचे पाहा. १९९२ साली राज्य सरकारने पहिली ते चौथीच्या, दारिद्र्यरेषेखालच्या अनुसूचित जाती-जमाती आणि भटक्या-विमुक्तांच्या मुलींना उपस्थिती भत्ता सुरू केला. रोज एक रुपया. पोर शाळेत यावी म्हणून आईबापाचा बुडालेला रोज थोडा तरी भरून काढावा, हा त्यामागचा हेतू, आणि हेतू शहाणपणाचा होता. तीस वर्षांनी, २०२२ सालीही तो एक रुपयाच होता. या तीस वर्षांत साहेबांच्या महागाई भत्त्याचे किती हप्ते झाले ते मोजा. आपण हमीभाव खर्चाला बांधून मागतो, तसेच पोरीची शिष्यवृत्तीही वेचणीच्या दराला बांधून मागितली पाहिजे. शाळेत बसलेली पोर घराचे दीडशे रुपये सोडून बसलेली असते, हे धरून आकडा ठरवा, असे सांगितले पाहिजे.

वरच्या शिक्षणातही तेच. जुलै २०२४ मध्ये सरकारने आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची फी पूर्ण माफ केली. आम्ही त्याचे स्वागत करतो. फी माफ झाली, पण खोलीचे भाडे आणि मेसचे पैसे फीमध्ये येत नाहीत. त्यासाठी वेगळ्या योजना आहेत. अनुसूचित जातीच्या मुलांना स्वाधार, इतर मागास आणि भटक्यांना सावित्रीबाईंच्या नावाची आधार योजना, अल्पभूधारकांच्या आणि मजुरांच्या मुलांना पंजाबराव देशमुखांच्या नावाचा वसतिगृह निर्वाह भत्ता. नावे मोठमोठी आहेत. पैसे खात्यात पडतात तोवर वर्ष सरत आलेले असते, आणि मेसवाला तोवर थांबत नाही. मग बाप बोकड विकतो किंवा पोरीला परत आणतो. ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी २०२१ साली ८२ वसतिगृहांची योजना जाहीर झाली, त्यातली निम्मी मुलींची. आपल्या तालुक्याच्या वाटणीचे कुठे आहे, इमारत भाड्याची की स्वतःची, किती पोरी प्रत्यक्ष झोपतात, हे तिथे जाऊन पाहणारे आपल्यात किती आहेत?

आता मायबहिणींच्या मनात जे आहे ते बोलतो. पोर परक्या ठिकाणी रात्री सुखरूप राहील का? ही भीती खोटी नाही. आश्रमशाळांतल्या बातम्या आपण सगळे वाचतो. आमच्या पाहण्यातल्या एका वसतिगृहात मार्चमध्ये बोअर आटली, टँकरचे बिल कोणी द्यायचे यावर कागद फिरत राहिले आणि पोरींना परीक्षेआधी पंधरा दिवस घरी पाठवून दिले. दुसऱ्या एका ठिकाणी संडासाच्या दारांना कड्या नव्हत्या. पोरी चौघी-चौघींनी मिळून जात, एक आत आणि तिघी दार धरून. हे पाहिले की पोरीला घरी ठेवावेसे वाटते. पण घरी ठेवून ती सुखरूप राहते का, याचे उत्तर परभणीच्या ४८ मध्ये आहे.

म्हणून पोरीला नेऊन सोडले की काम संपले असे समजू नका. अधीक्षिका रात्री तिथेच राहते का, हे रात्री जाऊन बघा. स्वयंपाकघरात जा, तूरडाळीत डाळ किती ते पाहा. पाळीच्या दिवसांत लागणारे कापड किंवा पॅड मिळते का, हे आईने विचारावे, बापाने लाजून गप्प बसू नये. घरी फोन करायला पोरीला मोकळीक आहे का आणि बोलताना शेजारी कोण उभे असते? शिक्षण हक्काच्या २००९ च्या कायद्याने सरकारी शाळेच्या व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश माणसे पालक असावी लागतात आणि समितीत निम्म्या बाया. निवासी शाळेच्या समितीवर आपली नावे कागदावर असतात आणि आपण मात्र सहीला तालुक्याच्या गावी बोलावतील म्हणून वाट पाहतो. जीप करून पाच आया महिन्यातून एकदा न सांगता गेल्या, तर डाळ आपोआप घट्ट होते, हे आम्ही पाहिले आहे.

आपल्याकडून करायच्या दोन-तीन गोष्टी आहेत, त्यांवर आज ठराव हवा.

दिवाळीला पोर घरी आली की 'दोन वेचण्या होऊ दे, मग पाठवतो' असे होते. दोन वेचण्यांचा महिना होतो, हजेरी तुटते आणि जागा दुसरीला जाते. हे थांबवायचे तर ज्या घरची पोर बोर्डिंगात आहे त्या घराला वेचणीला गावाने सावड द्यावी. दहा घरांनी एकेक माणूस दोन दिवस पाठवले तर वीस रोज झाले. पोरीच्या पन्नास दिवसांच्या वेचणीएवढे काम त्यात बऱ्यापैकी निघते, कारण मोठे माणूस तिच्या दुप्पट वेचते. आपल्या आज्या-पणज्यांना सावड सांगावी लागत नव्हती. आणि ज्या घरात बाप उरलेला नाही, कर्जाने गेला, त्या घराचे नाव सावडीच्या यादीत सगळ्यात वर ठेवायचे. त्या घरातली पोर आधी रानात जाते आणि मग आधी मांडवात जाते.

दुसरे, कापूस विकला की क्विंटलमागे एक रुपया बाजूला काढायचा. गावाचा तीन हजार क्विंटल कापूस गेला तर तीन हजार रुपये. त्यात बोर्डिंग निघत नाही, हे आम्हालाही कळते. पण दाखल्यांचे हेलपाटे, पत्र्याची पेटी, पांघरूण आणि शिष्यवृत्ती येईपर्यंत एखाद्या पोरीच्या मेसचा एक महिना निघतो. पुष्कळदा पोर एवढ्याशासाठीच परत येते.

दाखले मात्र एप्रिलमध्येच काढा. तहसीलचा उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, शाळेचा टीसी, पोरीच्या स्वतःच्या नावाचे आणि आधारला जोडलेले बँक खाते. जूनमध्ये सेतू केंद्रावर ओळ लागते आणि त्याच वेळी आपण पेरणीत असतो. आधारवर एक नाव आणि टीसीवर दुसरे, यात कित्येक पोरींचे अर्ज अडतात. 'कविता'ची 'कवीता' झालेली असते.

पुढच्या बैठकीला प्रत्येक गावाने एक यादी आणायची आहे. दहा ते अठरा वर्षांच्या, शाळा सुटलेल्या किंवा सुटायच्या बेतात असलेल्या पोरींची. नाव, वय, कितवीपर्यंत शिकली, सर्वात जवळचे बोर्डिंग किती कोसांवर, दाखले आहेत की नाहीत. शेवटचा रकाना आहे, गेल्या हंगामात किती दिवस वेचणीला गेली. हा रकाना बापाला किंवा सरपंचाला विचारून भरू नका. पोरीला विचारा, ती दिवस मोजून सांगते.